ब्रिटिश विनोद, आणि तो कळायला ठाऊक हवा असा ब्रिटन

लीड्सकर (धागाकर्ता)

सप्टेंबर जवळ आला की कुकर न्यावा का, स्वेटर किती घ्यावेत, बँकेत खातं कसं उघडायचं हे प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरं कुठेही मिळतात. पण इथे नव्याने आलेली आपली मुलं पहिल्या हिवाळ्यात एकटी पडतात, त्याला थंडीइतकंच आणखी एक कारण असतं. टेबलाभोवतीचे सगळे हसतात आणि कशाला हसले ते यांना कळत नाही. इंग्रजी उत्तम येत असतं, शब्द न् शब्द ऐकू आलेला असतो, तरीही. यावर कुणी नीट बोलत नाही, म्हणून हा धागा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी आपापल्या गावची भर घालावी.

आधी देश समजून घेऊ. आपण सरसकट 'इंग्लंडला चाललो' म्हणतो. पण युनायटेड किंगडममध्ये चार देश आहेत: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड. वेल्स आधीपासूनच इंग्लंडला जोडलेलं होतं, स्कॉटलंड 1707 मध्ये एकत्र आलं, आयर्लंड 1801 मध्ये. 1922 मध्ये आयर्लंडचा मोठा भाग वेगळा झाला आणि उत्तरेचे सहा परगणे मागे राहिले. ग्रेट ब्रिटन हे बेटाचं नाव, त्यात उत्तर आयर्लंड येत नाही. झेंड्यात तीन संतांचे क्रूस आहेत, वेल्सचं काहीच नाही. फुटबॉलला चार वेगळे संघ उतरतात, ऑलिंपिकला एकच. क्रिकेटचं मंडळ इंग्लंड आणि वेल्सचं मिळून, पण संघाला म्हणायचं नुसतं इंग्लंड. आयर्लंडचा रग्बी संघ मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंचा. इथले पुष्कळ विनोद याच सांध्यांवर होतात. स्कॉटिश माणसाला इंग्लिश म्हणालात तर तो हसून दुरुस्त करेल, पण लक्षात ठेवेल.

आकाराचा अंदाजही हवा. हा अख्खा देश महाराष्ट्रापेक्षा लहान आहे: सुमारे 2.44 लाख चौरस किलोमीटर, आपलं राज्य 3.08 लाख. सर्वांत उंच डोंगर बेन नेव्हिस 1,345 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरने बुटका. पण बारा कोसांवर भाषा बदलते हे इथे आपल्याइतकंच खरं आहे. लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्यात पन्नासएक किलोमीटरचं अंतर, पण बोलणं इतकं वेगळं की पहिल्या वाक्यात माणूस कुठला ते कळतं. माणूस कुठला आणि कोणत्या थरातला हे बोलण्यावरून ओळखायची सवय इथे खोल रुजलेली आहे, आणि विनोदाचं बरंचसं इंधन तिथून येतं.

आता विनोद. मला एकच उदाहरण सांगायचंय, ते ओळखीचं झालं की बाकीचं आपोआप कळत जातं. 24 जून 1982. ब्रिटिश एअरवेजचं विमान क्रमांक 9, लंडनहून ऑकलंडला निघालेलं, वाटेत मुंबई आणि मद्रासला थांबलेलं. रात्री जावाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. विमानात 263 माणसं. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितलं ते असं: 'सभ्य स्त्रीपुरुषहो, मी तुमचा कॅप्टन बोलतोय. एक छोटीशी अडचण आली आहे. चारही इंजिनं बंद पडली आहेत. ती सुरू करायचा आम्ही आटोकाट प्रयत्न करतोय. तुम्हांला फार त्रास होत नसेल अशी आशा आहे.' राखेतून बाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा लागली आणि विमान जकार्ताला सुखरूप उतरलं.

त्या घोषणेतली 'छोटीशी अडचण' नीट पाहा. मूडींनी काहीही लपवलेलं नाही, इंजिनं बंद आहेत हे पुढच्याच वाक्यात सांगितलं. प्रसंग जितका मोठा तितका शब्द लहान, म्हणजे ऐकणाऱ्याला धीर राहतो. ब्रिटिश विनोदाचा गाभा मला इथे दिसतो. आपण स्वतःला आणि आपल्या संकटाला मोठं करायचं नाही, आणि जो स्वतःला मोठं करतो त्याला हळूच जमिनीवर आणायचं.

---

शेफील्डला_निघाले

दादा, फार उपयोगी. मी याच सप्टेंबरला मास्टर्सला येतेय. एक विचारते. माझी होणारी गाइड व्हिडिओ कॉलवर सारखी स्वतःबद्दल म्हणते, 'मला या विषयातलं फारसं कळत नाही, पण'. तिची पुस्तकं आहेत त्या विषयावर! अशा वेळी काय बोलायचं? हसायचं का?

---

लीड्सकर

हलकं हसायचं आणि कामाचं पुढे विचारायचं. त्यांच्याकडे हे सौजन्य आहे. 'मी हुशार, तू शिकाऊ' ही दरी ती आधीच बुजवते आहे, म्हणजे तुम्हांला न घाबरता प्रश्न विचारता यावेत. मान डोलावून 'हो का' म्हणू नका आणि 'नाही नाही, तुम्ही तर महान आहात' असं भरभरून कौतुकही करू नका. दोन्हींनी समोरची व्यक्ती अवघडते. तुम्ही स्वतःबद्दलही थोडं कमी सांगा. आपल्याकडे मुलाखतीत स्वतःचे गुण मोजून सांगायला शिकवतात. इथल्या मुलाखतीतही ते लागतंच, पण चहाच्या टेबलावर नाही.

आणखी एक. सहकारी तुमची चेष्टा करू लागले तर बहुतेक वेळा ती आपलेपणाची खूण असते. अति अदबीने बोलत असतील तर तुम्ही अजून पाहुण्या आहात. मात्र चेष्टेच्या नावाखाली कुणी तुमचा रंग, धर्म किंवा उच्चार धरून बोलत राहिलं तर ते सहन करायचं काहीच कारण नाही. 2010 च्या समता कायद्याखाली कामाच्या जागी तो छळ ठरू शकतो. 'अहो, गंमत केली' हा बचाव तिथे आपोआप चालत नाही.

---

क्लाइडकाठी

ग्लासगोहून लिहितोय. धागाकर्त्यांनी जमिनीवर आणायची गोष्ट काढली, तर आमच्या गावचा ड्यूक सांगितलाच पाहिजे.

शहराच्या मधोमध रॉयल एक्स्चेंज स्क्वेअर आहे, तिथल्या आधुनिक कलादालनासमोर ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा घोड्यावरचा पुतळा. कार्लो मारोकेटीने केलेला, 1844 चा. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. या ड्यूकच्या डोक्यावर रस्त्यावरचा नारिंगी-पांढरा वाहतुकीचा शंकू असतो. 1980 च्या दशकापासून रात्री कुणीतरी चढून तो ठेवतं, पालिका काढते, पुन्हा कुणीतरी ठेवतं. कधी घोड्याच्या डोक्यावरही एक असतो. मी जवळ जाऊन पाहिलंय: शंकू जरा तिरका, पावसाने चकचकीत झालेला, आणि खाली ड्यूकचा चेहरा तसाच करारी. येणारी-जाणारी माणसं मान वर करतात, बरं वाटल्यासारखी पुढे जातात.

2013 मध्ये पालिकेने चौथरा उंच करायचं ठरवलं, म्हणजे चढताच येऊ नये. लोकांनी इतका विरोध केला की बेत सोडून द्यावा लागला. 2023 मध्ये प्रसिद्ध भित्तिचित्रकार बँक्सीने त्याच कलादालनात प्रदर्शन भरवलं आणि हा शंकूवाला पुतळा ब्रिटनमधली आपली आवडती कलाकृती असल्याचं सांगितलं. ग्लासगोच्या माणसाला विचाराल तर तो शंकूबद्दल अभिमानाने बोलेल. यात ड्यूकचा द्वेष नाही. एवढ्या उंचावर बसलेल्याने आमच्यात राहायचं तर आमच्यासारखं दिसावं, इतकीच अपेक्षा.

---

भोकरदनकर

क्लाइडकाठी, तुमच्या प्रतिसादाने अंगावर काटा आला, कारण हा ड्यूक आमच्या तालुक्यात लढून गेला आहे. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. ऑगस्ट 1803 मध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि 23 सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी गाठ पडली. मराठ्यांच्या कवायती पलटणी आणि तोफखाना इतका कडवा लढला की त्याचं सैन्य जिंकलं तरी मोडकळीला आलं. त्यानंतर नोव्हेंबरात आडगाव आणि डिसेंबरात गाविलगड. पुढे म्हातारपणी त्याला विचारलं की लढाईत तुमच्या हातून झालेलं सर्वांत चांगलं काम कोणतं, तर त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही. 'असई' एवढंच म्हणाला, असं सांगतात.

आणखी एक जोडून सांगतो. असईला सर्वांत जास्त माणसं पडली ती 74 व्या पलटणीची, ती स्कॉटिश. सोबत 78 वी हायलँडर्स. दोघींना बक्षीस म्हणून हत्तीचं चिन्ह मिळालं. तेव्हा ग्लासगोतल्या त्या पुतळ्यापासून आमच्या गावापर्यंत एक धागा सरळ येतो. विजेत्याच्या देशातल्या लोकांनीच त्याच्या डोक्यावर शंकू ठेवला आणि तो उतरू दिला नाही, हे मला मनापासून आवडलं. आपल्याकडे पुतळ्याला बोट लावलं तरी गाव पेटतं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, तुलना करत नाही.

---

वॉर्डातली_सुनंदा

मी बर्मिंगहॅममध्ये नर्स आहे, मूळची सांगलीची. तुम्ही जे कमी बोलणं म्हणता त्याची दुसरी बाजू मी रोज बघते, आणि नव्याने येणाऱ्या नर्सभगिनींनी ही नीट वाचावी.

ऐंशीच्या पुढच्या आजी. माकडहाड मोडलेलं. 'कशा आहात' विचारलं की म्हणणार, 'तक्रार करून कसं चालेल, बाळा.' आणि वर माझ्या डब्याची चौकशी करून मलाच हसवणार. चेहरा पांढराफटक, चादर मुठीत धरलेली, बोटांची पेरं पांढरी. मी हसते, पण तिथेच थांबत नाही. शून्य ते दहामध्ये वेदना किती, असं आकड्यात विचारते. तरी 'चार असेल' म्हणतात. मग विचारते, कूस बदलताना किती? तेव्हा खरा आकडा येतो. या पिढीने आयुष्यभर दुखणं हसण्याखाली ठेवलेलं आहे. त्यांचा विनोद धीराचा आहे, मला त्याबद्दल आदर आहे, पण औषधाचा डोस ठरवताना त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

देशाची माहिती म्हणून: राष्ट्रीय आरोग्य सेवा 5 जुलै 1948 ला सुरू झाली. आल्या आल्या जवळच्या जीपीकडे, म्हणजे भागातल्या डॉक्टरकडे, नाव नोंदवा, त्याला पैसे लागत नाहीत. जिवावरचं असेल तर 999, तातडीचं पण जिवावरचं नसेल तर 111 (उत्तर आयर्लंड सोडून). औषधाच्या चिठ्ठीला इंग्लंडमध्ये दर वस्तूमागे शुल्क आहे, बाकी तिन्ही देशांत नाही.

---

जुना_सैनिक

सुनंदाताईंशी शंभर टक्के सहमत. कोरियन युद्धात, एप्रिल 1951 मध्ये, इम्जिन नदीवर ग्लॉस्टरशायर पलटण चिनी फौजेने वेढली होती. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडीने अमेरिकन जनरलला परिस्थिती सांगताना 'जरा चिकट झालंय' अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं. ब्रिटिश कानाला ते 'सर्वनाश जवळ आलाय' असं ऐकू आलं असतं. अमेरिकन जनरलला वाटलं, अडचण आहे पण निभावतंय. माघारीचा हुकूम आला नाही. सहाशेंवर जवानांपैकी चाळीसएक जणच निसटले, बाकीचे मेले किंवा कैद झाले. ही हकीकत लष्करात आजही सांगितली जाते. परक्याशी बोलताना साधं, सरळ बोलावं. आणि परक्याने ब्रिटिश अधिकाऱ्याचं 'जरा' हे क्रियाविशेषण गंभीरपणे घ्यावं.

---

फिन्सबरी_पार्क

मला निवडणुकांबद्दल लिहायचंय, कारण तिथे विनोद आणि राज्यव्यवस्था एकत्र दिसतात.

इथे खासदारकीला उभं राहायचं तर दहा मतदारांच्या सह्या आणि 500 पौंड अनामत लागते. पाच टक्के मतं मिळाली नाहीत तर अनामत जाते. पंतप्रधानसुद्धा एका साध्या मतदारसंघातूनच निवडून येतो, आणि निकाल वाचताना सगळे उमेदवार एकाच व्यासपीठावर शेजारी शेजारी उभे असतात. म्हणून 2017 मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांच्याजवळ डोक्यावर उंच काळी बादली घातलेला लॉर्ड बकेटहेड उभा होता. 2019 मध्ये बोरिस जॉन्सन आणि 2024 मध्ये ऋषी सुनक यांच्या मतदारसंघात डोक्यावर कचऱ्याचा डबा घातलेला काउंट बिनफेस उभा होता. त्याच्या जाहीरनाम्यात क्रॉसाँची किंमत 1 पौंड 10 पेन्सच्या वर जाऊ देणार नाही असं वचन होतं.

परदेशी माणसाला हे पोरकट वाटतं. मला यात लोकशाहीची प्रकृती चांगली असल्याची खूण दिसते. राज्य करणाऱ्याला निकालाच्या रात्री डबा घातलेल्या माणसाशेजारी तोंड सरळ ठेवून उभं राहावं लागतं, आणि त्याला तिथून हाकलायचा अधिकार पंतप्रधानाकडे नसतो. 1990 मध्ये बूटलच्या पोटनिवडणुकीत मॉन्स्टर रेव्हिंग लूनी या विनोदी पक्षाच्या स्क्रीमिंग लॉर्ड सचला 418 मतं मिळाली आणि डेव्हिड ओवेन यांच्या गंभीर सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला 155. थोड्याच दिवसांत तो गंभीर पक्ष बरखास्त झाला.

आपल्याकडचा जुना दुवाही आहेच. 1892 मध्ये दादाभाई नौरोजी मध्य फिन्सबरीतून निवडून आले ते पाच मतांनी, फेरमोजणीत तीन. त्याआधी पंतप्रधान सॉल्झबरींनी त्यांना 'काळा माणूस' म्हणून हिणवलं होतं. लंडनकरांना नौरोजी हे नाव उच्चारता येईना, तेव्हा त्यांनी त्यांना 'नॅरो-मेजॉरिटी', म्हणजे निसटतं बहुमत, करून टाकलं. पहिला टोमणा द्वेषाचा होता. दुसऱ्यात त्यांना आपल्यात घेतलेलं दिसतं. हा फरक ओळखता आला की इथल्या विनोदाची निम्मी वाट चालून झाली.

आणि हे नव्या लोकांना बहुधा माहीत नसतं: भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. विद्यार्थीसुद्धा. नाव नोंदवा, आणि मतदानाला फोटोचं ओळखपत्र न्या, ते आता लागतं.

---

अंतूबर्वा_फॅन

सगळं गोड वाटतंय, पण मला एक बोचतं. सत्तरच्या दशकात इंग्रजी शिकवण्याच्या वर्गावरची 'माइंड युअर लँग्वेज' मालिका आपण सगळ्यांनी हसत हसत पाहिली. त्यात प्रत्येक परदेशी एक साचा आहे: मान हलवणारा भारतीय, नमस्कार घालणारा जपानी. धागाकर्ते म्हणतात विनोद वरच्याला खाली आणतो. मग तिथे कोण वर होतं?

---

लीड्सकर

तुमचा आक्षेप योग्य आहे आणि तो तेव्हाच इथेही घेतला गेला होता. ब्रिटिश विनोदाचा मोठा भाग वर बघून मारलेला आहे, सगळा नाही. खाली बघून मारलेलाही भरपूर आहे आणि त्याला मी चांगला म्हणणार नाही.

त्याला उत्तर मिळालं ते इथे वाढलेल्या आपल्याच लोकांकडून. 'गुडनेस ग्रेशस मी' आधी रेडिओवर 1996 मध्ये आणि 1998 पासून बीबीसी टीव्हीवर आलं. मीरा स्याल, संजीव भास्कर, कुलविंदर घीर, नीना वाडिया. त्यातला सर्वांत गाजलेला प्रवेश असा: शुक्रवारी रात्री मुंबईतल्या इंग्लिश हॉटेलात भारतीय मित्र दंगा करत येतात, वेटरचं नाव मुद्दाम चुकीचं उच्चारतात आणि सर्वांत सपक पदार्थ कोणता ते विचारतात. गोऱ्या प्रेक्षकांना आपण करी हाउसात कसे वागतो ते आरशात दिसलं आणि तेही पोट धरून हसले. माझ्या मते त्या एका प्रवेशाने दहा अग्रलेखांचं काम केलं.

---

लगानकाठ

बेलफास्टहून थोडंसं. इथे आल्यावर पहिले काही महिने धर्म आणि झेंडे यांवर विनोद करू नका, दुसऱ्यांनी केला तरी आपण भर घालू नका. 1998 च्या गुड फ्रायडे शांतता कराराआधी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या तीस वर्षांच्या संघर्षात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली, आणि ज्यांच्या घरचं कुणी गेलं ती माणसं तुमच्या शेजारी बसलेली असतात. पण त्यांचा आपसांतला विनोद ऐका. वायव्येकडच्या शहराला एक बाजू डेरी म्हणते, दुसरी लंडनडेरी. सरकारी कागदावर मध्ये तिरकी रेघ मारून दोन्ही नावं लिहायचे. रेडिओवरच्या गेरी अँडरसनने त्या रेघेवरून शहराला 'स्ट्रोक सिटी' म्हणायला सुरुवात केली. कुठलीच बाजू न घेता गावाचं नाव घेता आलं, लोकांना हायसं वाटलं.

---

मर्सीसाइड_मामा

लगानकाठच्या मुद्द्याला जोडून. लिव्हरपूल हे इंग्लंडमधलं सर्वांत विनोदी गाव, टॅक्सीवालासुद्धा हसवून सोडतो. पण हिल्सबरोवर इथे विनोद नाही. 15 एप्रिल 1989 ला शेफील्डच्या त्या फुटबॉल मैदानात लिव्हरपूलच्या सामन्याला चेंगराचेंगरी झाली, 97 माणसं गेली, आणि दोष प्रेक्षकांच्याच माथी मारला गेला. 2016 मध्ये ज्यूरीने प्रेक्षकांचा दोष नव्हता असा निर्णय दिला. तेव्हा खोटं छापणारं 'द सन' हे वृत्तपत्र आजही इथल्या कितीतरी दुकानांत मिळत नाही. शेफील्डला निघालेल्या ताई, तुमच्या वर्गात लिव्हरपूलचं कुणी असेल तर हे ठाऊक असू द्या.

---

शेफील्डला_निघाले

मामा, मनापासून आभार, हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. सगळ्यांना एक शेवटचा, अगदी घरगुती प्रश्न. खोलीचे फोटो आलेत. बेसिनला गरम आणि गार पाण्याचे दोन वेगळे नळ आहेत, बाथरूममध्ये एकही प्लग नाही आणि दिव्याला बटणाऐवजी दोरी आहे. घर जुनाट आहे का?

---

क्लाइडकाठी

नाही, इथे असंच असतं. जुन्या घरांत गार पाणी थेट सार्वजनिक नळाचं यायचं, पिण्याजोगं. गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून यायचं, ते पिण्याजोगं मानत नसत, म्हणून दोन्ही एकत्र होऊ दिलं नाही. बेसिनला बूच लावून दोन्ही पाणी त्यात घ्या आणि तोंड धुवा. ओल्या हाताने विजेला हात लागू नये म्हणून प्लग नाही आणि दोरी आहे, हेअर ड्रायर खोलीत वापरा. मोठी दुकानं इंग्लंडमध्ये रविवारी सहाच तास उघडी असतात, तेव्हा शनिवारी पोचत असाल तर दूध-पाव त्याच संध्याकाळी घेऊन ठेवा. आणि कधी आमच्याकडे आलात तर परत जाण्याआधी स्कॉटिश नोटा खर्च करून टाका. पौंडच आहेत, पण तिकडचे काही दुकानदार उगाच उलटसुलट करून बघत बसतात.